रक्ताची आवर्ती ठेव

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



संस्थेचा ताळेबंद नुकताच आपणांपुढे मांडला गेला. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. जमाखर्चाच्या भाषेत विचार करण्याची आमची सवय. परंतु रुग्णालयातील एक शिल्लक अशी आहे, की जी कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही आणि कितीही मोठ्या देणगीतून विकत घेता येत नाही. ती म्हणजे आमच्या रक्तपेढीतील रक्ताची शिल्लक.

गेल्या मे महिन्यातील एक रात्र आम्हांस विसरता येत नाही. प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव झालेली एक भगिनी दाखल झाली. पती परगावचा, बांधकामावरील मजूर. प्रथेप्रमाणे आमच्याकडून त्यास सांगितले गेले, “दोन रक्तदाते घेऊन या.” अनोळखी गावात, मध्यरात्री, त्याने कोणाचे दार ठोठवावे? तरीही दोन सहकारी कामगारांना घेऊन तो परतला. त्यांनी आनंदाने रक्त दिले. परंतु एचआयव्ही, कावीळ ‘ब’ व ‘क’, गुप्तरोग आणि मलेरिया या चाचण्या पूर्ण झाल्याविना ते रक्त रुग्णास देता येत नाही. त्या घटकेला उपयोगी पडल्या त्या तिच्या गटाच्या शिल्लक असलेल्या दोनच पिशव्या. पंधरा दिवसांपूर्वी कोणा अनोळखी दात्यांनी त्या देऊन ठेवल्या होत्या. माता व बालक सुखरूप घरी गेले. तिसरी पिशवी लागली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मात्र आमच्यापाशी राहिला.

मंडळी, धावपळ करून मिळविलेले रक्त उद्याच्या रुग्णाचे असते. आजच्या रुग्णाला तारते ते आधीच दिलेले रक्त.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ सालच्या निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यास आपल्या देशात बंदी आहे. २००२ सालच्या राष्ट्रीय रक्त धोरणाने त्यापुढे जाऊन, नातेवाइकांकडून बदली रक्त घेण्याची पद्धतही क्रमाने संपावी, असे ध्येय ठेवले. रुग्णांकडून आकारले जाते ते रक्ताचे मूल्य नव्हे, तर संकलन, चाचण्या व साठवण यांचे प्रक्रियाशुल्क होय, हेही येथे नम्रपणे नमूद करतो.

रक्ताची दीर्घ मुदतीची ठेव ठेवता येत नाही. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट अवघे ५ दिवस. जयंती वा वाढदिवसानिमित्त एकाच दिवशी मोठे शिबिर होते, त्याबद्दल आम्ही कृतज्ञच आहोत. परंतु महाविद्यालयांना सुट्टी लागली की मे महिन्यात आणि दिवाळीत शीतकपाट रिकामे होते. म्हणून आम्हांस हवी आहे ती आवर्ती ठेव: थोडी, पण नियमित.

१८ ते ६५ वर्षे वयाची, किमान ४५ किलो वजनाची आणि हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम वा अधिक असलेली निरोगी व्यक्ती वैद्यकीय तपासणीनंतर रक्तदान करू शकते. पुरुषांना दर तीन महिन्यांनी, तर स्त्रियांना दर चार महिन्यांनी रक्त देता येते. एका वेळी घेतले जाते ते ३५० किंवा ४५० मिलिलिटर. वर्षातून दोन तारखा आपण आम्हांस द्याव्यात, त्यांतील एक मे महिन्यातील किंवा दिवाळीच्या आसपासची असावी, एवढीच विनंती. सभागृहाबाहेर नोंदवही ठेवली आहे. तीत पहिले नाव आम्ही आमचेच लिहिले आहे.

“रक्तदाते घेऊन या,” हे वाक्य या रुग्णालयात कोणत्याही नातेवाइकास ऐकावे लागू नये, असा आमचा संकल्प आहे. तो सिद्धीस नेणे आपल्या हाती आहे.