गोठ्याच्या दाराशी पाण्याची बादली
(ट्रस्टच्या महोत्सवानिमित्त बडोदे येथे केलेले भाषण)



आम्ही पेशाने मास्तर, गुरांचे डॉक्टर नव्हे. तरी आज गोठ्याविषयी बोलण्याचे योजिले आहे, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या दारी दुभते जनावर आहे.

२०२२ साली गुजरातेत लम्पीची साथ आली, तेव्हाची गोष्ट. आमच्या शेजाऱ्यांकडे डॉक्टर आले, ते आजारी जनावरे पाहून थेट आलेले. बुटांना शेण तसेच होते. शेजारी गप्प राहिले, आम्हीही गप्प राहिलो. पुढे त्यांची गाय दगावली. लम्पी मुख्यतः माश्या, डास व गोचिडांमुळे पसरते. तेव्हा बुटांना दोष देणे न्यायाचे होणार नाही. पण न बोलल्याची रुखरुख आजही आहे.

मागाहून आम्ही एका डॉक्टरांना याविषयी विचारले. ते म्हणाले, "मास्तर, नियम आम्हांला पाठ आहेत. पण दिवसभरात किती गावे! गोठ्यापाशी पाणी नसते. आणि बूट धुण्यास पाणी मागितले, तर मालकाला वाटते, आपल्या गोठ्याला नावे ठेवली." पुन्हा खबरदारी घेणे हे मालकाचे काम, असे डॉक्टर समजतात, मालक म्हणतो, ते डॉक्टरांचे. रोग दोघांच्या मधून आत शिरतो!

लाळखुरकुताचे विषाणू तर बुटांवरून, कपड्यांवरून, गाडीच्या चाकांवरून हिंडतात. ब्रिटनमध्ये २००१ साली या रोगाच्या साथीत साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. रोगाचा गोठा पाहिलेल्या डॉक्टरांस तेथे काही दिवस निरोगी गोठ्यात जाण्याची मनाई होती. ब्रुसेलोसिस तर डॉक्टरांनाच जडतो. गाभडलेल्या गाईची वार उघड्या हाताने काढणे म्हणजे रोगाला आमंत्रण होय. आणि शिस्तीने काय साधते? बुळकांडीसारखा काळ २०११ साली जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. लस आणि साथीवरची सक्त नजर, या दोहोंचेच ते फळ.

मग आपण काय करावे? गोठ्याच्या दाराशी बादली व ब्रश ठेवावा. आधी बुटांचे शेण खरवडून काढावे, मग दहा लिटर पाण्यात चारशे ग्रॅम धुण्याचा सोडा घालून त्याने बूट धुवावेत. प्रत्येक जनावराला वेगळी सुई मागावी. विकत आणलेले जनावर तीन आठवडे निराळे बांधावे.

यात संकोच कसला? आम्ही नमाजापूर्वी वजू करताना पाय धुतो; आपल्या घरोघरी पाहुण्याला पाय धुण्यास पाणी देण्याची रीत आहे. तेथे कोणाचा अपमान होत नाही, उलट मान राखला जातो.

शेजाऱ्यांच्या गोठ्यापाशी आता अशी बादली आहे. परवा डॉक्टर आले, ती पाहून क्षणभर थांबले, आणि काही न बोलता बूट धुवू लागले. जाताना म्हणाले, "अशी बादली सगळीकडे असती तर!"

ती ठेवणे आपल्याच हाती आहे.