बेकारी, हुंड्या आणि युद्ध



३० जानेवारी १९३३ रोजी ॲडॉल्फ हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. त्या घटनेविषयी आपल्याकडे एक समज रूढ आहे. जर्मन जनतेने बहुमताने हुकूमशहा निवडला आणि त्या हुकूमशहाने निदान बेकारी तरी नाहीशी केली, असा तो समज. ह्याचा पूर्वार्ध असत्य आहे. उत्तरार्ध अर्धसत्य आहे, म्हणून अधिक घातक आहे.

मे १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला अवघी २.६ टक्के मते आणि १२ जागा होत्या. सप्टेंबर १९३० मध्ये त्या १०७ झाल्या, जुलै १९३२ मध्ये २३०. परंतु त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हा आकडा १९६ वर उतरला. त्या वेळी सोशल डेमोक्रॅटांच्या १२१ आणि कम्युनिस्टांच्या १०० जागा होत्या. म्हणजे दोन कामगार पक्ष मिळून नाझींहून मोठे होते. उतरणीला लागलेल्या पक्षाच्या नेत्याला सत्ता मिळाली ती राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या भोवतीच्या जमीनदार, लष्करी आणि भांडवलदार मंडळींच्या खलबतांतून. मंत्रिमंडळात नाझी तिघेच घेतले की ह्या माणसाला वेसण घालता येईल, असा फॉन पापेन यांचा हिशेब होता.

मग २.६ टक्क्यांपासून ३७ टक्क्यांपर्यंतचा प्रवास कसा झाला? व्हर्सायच्या तहाचा अपमान हे कारण नेहमी सांगितले जाते. पण तो तह १९१९ चा. १९२८ मध्येही तो होताच. मधल्या काळात आली ती जागतिक मंदी. मार्च १९३० मध्ये हेर्मान म्युलर यांचे संयुक्त सरकार कोसळले ते बेकारी विम्याच्या वर्गणीत किरकोळ वाढ करावी की नाही, ह्या वादावर. नंतर आलेल्या ब्र्यूनिंग यांनी राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाखाली वटहुकुमांनी कारभार केला. मंदीत खर्च कापायचा, पगार कापायचा, कर वाढवायचे, हे त्यांचे औषध. डिसेंबर १९३१ च्या वटहुकुमाने मजुरी १९२७ च्या पातळीवर खाली आणली. १९३२ च्या प्रारंभी नोंदलेल्या बेकारांची संख्या साठ लाखांवर गेली. लोकसभेला डावलून राज्य चालते, ही सवय हिटलर येण्यापूर्वीच लागली होती.

ह्या ठिकाणी समाजवाद्यांनी स्वतःकडे पाहिले पाहिजे. जानेवारी १९३२ मध्ये वॉयटिन्स्की, टार्नो आणि बाडे ह्या तिघांनी एक योजना मांडली: सुमारे २०० कोटी मार्क कर्जाऊ उभारून दहा लाख बेकारांना सार्वजनिक कामांवर घ्यावे. केन्स यांचा प्रसिद्ध ग्रंथ तेव्हा चार वर्षे दूर होता. कामगार संघटनांच्या महासंघाने एप्रिलमध्ये योजना उचलून धरली; परंतु सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने तिच्यात जीव ओतला नाही. वित्त भांडवलावर १९१० मध्ये थोर ग्रंथ लिहिणारे हिल्फरडिंग हेच तिचे मोठे विरोधक होते. १९२३ च्या चलनवाढीची धास्ती खरी होती, हे मान्य केले पाहिजे. तरीही मंदी ही भांडवलशाहीची व्याधी आहे, ती आपल्या गतीने उतरेल, असे बेकाराला सांगणे म्हणजे त्याला रिकाम्या हाताने परत पाठवणे होय. मे १९३२ मध्ये नाझींच्या ग्रेगोर श्ट्रासरने लोकसभेत नेमकी कामाचीच मागणी केली आणि जुलैच्या प्रचारात ती गावोगाव नेली.

कम्युनिस्टांचा दोष वेगळा, पण लहान नाही. आंतरराष्ट्रीयच्या आदेशानुसार ते सोशल डेमोक्रॅटांनाच ‘सामाजिक फॅसिस्ट’ म्हणत राहिले. ऑगस्ट १९३१ मध्ये प्रशियातील सरकार पाडण्याच्या सार्वमतात तर ते नाझींच्याच बाजूने उभे राहिले. २० जुलै १९३२ रोजी पापेन यांनी ते सरकार बरखास्त केले, तेव्हा सार्वत्रिक संप झाला नाही. कारखान्याच्या दाराशी लाखो बेकार उभे असताना संपाचे हत्यार बोथट झालेले होते. राममनोहर लोहिया त्या काळी बर्लिनमध्ये अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते. ही पडझड त्यांच्या डोळ्यांदेखत झाली.

पुढचा भाग वेगाने घडला. २७ फेब्रुवारी १९३३ ला राइशस्टागला आग, दुसऱ्या दिवशी नागरी स्वातंत्र्ये स्थगित, २३ मार्चला सर्वाधिकार देणारा कायदा. कम्युनिस्ट सभासदांना सभागृहात येऊच दिले नव्हते. विरोधी ९४ मते पडली ती सर्व सोशल डेमोक्रॅटांची. कामगार महासंघाने मात्र अजून जुळवून घेण्याची आशा धरली आणि सरकारी १ मे साजरा करण्यास सभासदांना सांगितले. २ मे रोजी संघटनांची कार्यालये ताब्यात घेण्यात आली, पुढारी तुरुंगात गेले.

आता त्या गाजलेल्या रोजगाराविषयी. महामार्गांच्या कामावर ऐन भरातही सव्वा लाखाच्या आसपासच माणसे होती. विवाहकर्ज हवे तर स्त्रीने नोकरी सोडावी, अशी अट होती. ज्यू आणि विरोधक कामावरून काढले गेले. १९३५ पासून तरुण सक्तीने लष्करात गेले. खरा रोजगार शस्त्रनिर्मितीचा होता. त्यासाठी राइशबँकेचे अध्यक्ष शाख्त यांनी एक युक्ती काढली. केवळ दहा लाख मार्क भांडवलाची ‘मेफो’ ही नामधारी कंपनी स्थापन झाली. क्रुप, सीमेन्स यांसारख्या कारखानदारांनी तिच्या नावे हुंड्या काढायच्या, आणि त्या वटवण्याची हमी राइशबँकेने द्यायची. सरकारी अंदाजपत्रकात ह्या कर्जाचा मागमूस नव्हता. १९३८ पर्यंत अशा १२०० कोटी मार्कांच्या हुंड्या निघाल्या. वॉयटिन्स्की यांचे २०० कोटी ज्यांना भयंकर वाटले होते, त्या उद्योगपतींना हे १२०० कोटी जड गेले नाहीत. कारण मजुरी मंदीच्या पातळीवर गोठवलेली होती आणि संप बेकायदा होता.

परंतु रणगाडा खाता येत नाही, निर्यात करून त्यातून लोखंडाचे खनिज, रबर, तेल मिळत नाही. परकीय चलनाचा तुटवडा १९३४ पासूनच जाणवू लागला. १९३६ मध्ये दोन वाटा होत्या: शस्त्रसज्जता आवरून व्यापाराकडे वळणे, किंवा लागणारे बळाने घेणे. त्या उन्हाळ्यातील टिपणात हिटलरने चार वर्षांत सैन्य आणि अर्थव्यवस्था दोन्ही युद्धास सज्ज झाली पाहिजेत, असे लिहिले. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळला; तेथील मध्यवर्ती बँकेतील सोने राइशबँकेच्या स्वतःच्या साठ्याहून कितीतरी अधिक होते. जानेवारी १९३९ मध्ये राइशबँकेच्या संचालकांनी बेसुमार खर्चाविरुद्ध लेखी इशारा दिला, तेव्हा शाख्त यांनाच काढून टाकण्यात आले. १५ मार्च रोजी प्राग पडले. म्युनिकला सहा महिनेही झाले नव्हते, आणि लंडनमध्ये ठेवलेले चेकोस्लोव्हाकियाचे सोने बाझलच्या आंतरराष्ट्रीय बँकेमार्फत, कोणी अडवल्यावाचून, राइशबँकेच्या खात्यावर वर्ग झाले.

१ सप्टेंबर रोजी जर्मन सैन्य पोलंडमध्ये शिरले. मेफोच्या हुंड्या तेव्हा पुरत्या फिटलेल्या नव्हत्या; पुढेही त्या फिटल्या नाहीत.