इंग्रजीच्या तासाला खेळ

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात झालेले व्याख्यान)



मूल मराठी माध्यमाच्या शाळेत घालावे की नाही, असा विचार घरात सुरू झाला की वाद गणितावरून होत नाही आणि विज्ञानावरूनही होत नाही. आजी-आजोबा मराठीच्या बाजूने बोलतात, आई-वडील त्यांचे ऐकून घेतात आणि मग एकच वाक्य पुढे येते : "ते सगळे खरे, पण त्याला इंग्रजी बोलता येईल का?" रायपुरात हे वाक्य पुण्या-नागपूरपेक्षा अधिक जड पडते. येथे मराठी ना कचेरीची भाषा, ना बाजाराची. ती घरात, मंडळात आणि शाळेत जगते. या एका वाक्यापायी शाळेचा पट दरवर्षी थोडा थोडा उतरत असेल, तर इंग्रजी संभाषण ही हौसेची बाब राहत नाही. शाळेच्या अस्तित्वाशीच तिचा संबंध येतो.

सभागृहात बसलेल्या ज्येष्ठांना तर्खडकरांची भाषांतर पाठमाला स्मरत असेल. तिच्या बळावर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या आणि उत्तम शिकल्या. त्यांचे अर्ज निर्दोष असत, मसुदे नेटके असत, काळ आणि विभक्ती यांत चूक सापडत नसे. तरीही मुलाखतीच्या खोलीत शिरताना हीच माणसे घामाघूम होत. याचे कारण त्यांच्या बुद्धीत शोधू नये. त्यांच्या डोळ्यांनी आणि हातांनी वर्षानुवर्षे इंग्रजीचा सराव केला होता. तोंडाच्या वाट्याला मात्र तो कधी आलाच नव्हता.

तोंडाच्या वाट्याला किती वेळ येतो, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. वर्गात 40 मुले आणि तास 35 मिनिटांचा. शिक्षकाने स्वतः एक शब्दही न उच्चारता प्रत्येकाला पाळीपाळीने उभे केले, तरी एका मुलाच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही. शिक्षक निम्मा तास बोलत असेल, तर 26 सेकंद उरतात, आणि ती बहुधा "येस मॅडम" व "नो मॅडम" यांत संपतात. याच वर्गाच्या 20 जोड्या केल्या आणि दहा मिनिटे त्यांना परस्परांशी बोलायला लावले, तर प्रत्येक मुलाला पाच मिनिटे मिळतात. वीस जोड्या एकाच वेळी बोलू लागल्यावर शेजारच्या वर्गातून निरोप येणार, हेही ठरलेलेच. तो निरोप मुख्याध्यापकांनी हसून घ्यावा. संभाषणाचा तास शांत असेल, तर तो दुसऱ्याच कशाचा तरी तास आहे.

परंतु मुलांनी बोलायचे कशासाठी? "आपापसांत इंग्रजीत बोला" अशी आज्ञा केली की वर्ग मुका होतो. ज्याचे उत्तर दोघांनाही ठाऊक आहे ते विचारण्यात कोणाला रस वाटणार? "व्हॉट इज युवर नेम?" हा प्रश्न चार वर्षे शेजारी बसलेल्या मित्राला विचारणे हा निव्वळ उपचार आहे. खेळाची गरज पडते ती येथे.

रायपूरच्या मराठी घरांत याचा पुरावा रोज दिसतो. येथील मुलाला छत्तीसगढी कोणी शिकवली? तिचे व्याकरण त्याने कधी पाहिले नाही. गल्लीत बाटी खेळताना, भौंरा फिरवताना, हरेलीच्या सुमारास गेडीवर चढून तोल सावरताना ती त्याला आली. नेम कोणाचा चुकला, आता पाळी कोणाची, कोण लबाडी करतो आहे, हे भिडूंच्या भाषेत सांगितल्यावाचून डावात टिकता येत नव्हते, म्हणून ती आली. फुगडी हा शब्द तर दोन्ही भाषांना सामाईक आहे. आपल्याकडे हात धरून गरगर फिरतात, तर छत्तीसगढी फुगडी उकिडवे बसून पाय आळीपाळीने पुढेमागे टाकत खेळतात. मराठी मुलीला हा भेद उमगतो तो मैत्रिणीशी भांडता भांडता. अशा रीतीने मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी या तीन भाषांत वावरणाऱ्या मुलाला "याला भाषा जमत नाही" असे म्हणणे हा त्याच्यावर उघड अन्याय आहे. चौथ्या भाषेला अजून कोणी गल्ली दिलेली नाही, एवढेच. इंग्रजीच्या तासाने ती गल्ली व्हायचे आहे.

मात्र प्रत्येक खेळ बोलायला लावतोच असे नाही, आणि या बाबतीत पुष्कळ घोटाळा होतो. 'शिवाजी म्हणतो' हा आपला जुना खेळ पाहू. इंग्रजी आज्ञा देऊन तो वर्गात खेळता येतो आणि लहान मुले त्यात रंगूनही जातात. पण त्यात बोलतो एकटा आज्ञा देणारा, बाकीचे केवळ ऐकतात. श्रवणासाठी तो उत्तम, भाषणासाठी निरुपयोगी; राज्य मुलांकडेच फिरते ठेवले, तर थोडाफार उपयोगी. 'नाव, गाव, फळ, फूल' ने शब्दसंग्रह वाढतो, पण तो कागदावर. शब्दांच्या भेंड्यांत स्पेलिंग पक्के होते, वाक्य मात्र जन्मत नाही. समूहाने म्हटलेली बडबडगीते उच्चारांना वळण देतात. त्यांना संभाषण म्हणता येत नाही. बोलण्याच्या खेळाची कसोटी सोपी आहे : एका भिडूला जे ठाऊक आहे ते दुसऱ्याला ठाऊक नसावे, आणि विचारल्यावाचून डाव पुढे सरकू नये.

'ओळखा पाहू' हा खेळ या कसोटीला पूर्ण उतरतो. ज्याच्यावर राज्य आहे तो मनात एक वस्तू धरतो. बाकीच्यांनी वीस प्रश्नांत ती ओळखायची. "इज इट अ फ्रूट?" "डझ इट ग्रो ऑन अ ट्री?" "डू वुई ईट इट रॉ?" मराठीत प्रश्न करायचा तर वाक्याच्या शेवटी 'का' जोडला की भागते. त्यामुळे इंग्रजी प्रश्नातला आरंभीचा 'डू' किंवा 'डझ' हा मराठी मुलाचा नेहमीचा अडसर होऊन बसतो. फळ्यावर नियम लिहून आणि तो वहीत पाच वेळा उतरवून हा अडसर जात नाही. खेळात मात्र तीच रचना एका तासात तीस-चाळीस वेळा उच्चारली जाते आणि कोणाला कंटाळा येत नाही, कारण मुलांचे लक्ष रचनेवर नसून मनात धरलेला सीताफळ आहे की फणस, यावर असते.

आता थोडे मोठ्या वर्गांविषयी. रायपूर, दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड, गोंदिया, नागपूर : ही स्थानके ज्याच्या तोंडपाठ नाहीत असे मराठी घर या शहरात विरळा. या मार्गाचे एक लहानसे वेळापत्रक करावे आणि त्याच्या दोन प्रती काढाव्यात. एका प्रतीत काही वेळा कोऱ्या ठेवाव्यात, दुसरीत इतर काही. दोन मुलांनी पाठीला पाठ लावून बसायचे आणि विचारून विचारून कोऱ्या जागा भरायच्या. मग एक कोडे घालायचे : नागपूरला दुपारी बारा वाजता मुंज आहे आणि बरोबर आजी आहे, तिला गाडी बदलणे झेपत नाही, तर कोणती गाडी पकडावी आणि का? या 'का'पाशी वर्गात खरे संभाषण सुरू होते.

या कल्पनेमागे मोठी भारतीय परंपरा आहे. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातील साध्या शाळांमध्ये जो प्रयोग केला, तो जगभर बंगळूर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांपुढे नकाशे, वेळापत्रके आणि कोडी ठेवायची. मन उत्तर शोधण्यात गुंतले की भाषा आपसूक रुजते, अशी त्यांची धारणा होती. 1987 साली प्रसिद्ध झालेल्या 'सेकंड लँग्वेज पेडगॉजी' या त्यांच्या ग्रंथात हा सारा अनुभव मांडलेला आहे. त्यांनी कृतींचे तीन प्रकार मानले : माहितीची उणीव भरून काढणाऱ्या, तर्क चालवायला लावणाऱ्या आणि मत मांडायला लावणाऱ्या. वेळापत्रकाच्या कोऱ्या जागा पहिल्या प्रकारात मोडतात, आजीची गाडी दुसऱ्या. प्रभूंचा अधिक भर दुसऱ्या प्रकारावर होता.

याच प्रभूंना मुलांच्या जोड्या व गट करणे फारसे मान्य नव्हते, हेही सांगितले पाहिजे. एकमेकांचे अशुद्ध इंग्रजी ऐकून मुले तेच पक्के करतील, अशी त्यांना भीती होती. ही भीती निराधार नाही. "टू ब्रदर्स आर टू मी" हे वाक्य एका मुलाने उच्चारले की शेजाऱ्याला ते खटकत नाही, कारण त्याच्याही मनात "मला दोन भाऊ आहेत" हेच असते. तरीही 26 सेकंदांचा हिशेब पाहता जोड्यांवाचून गत्यंतर नाही. यावर मधला मार्ग आहे. खेळ चालू असताना शिक्षकाने टोकू नये; वर्गात फिरत चुका टिपून घ्याव्यात आणि शेवटच्या पाच मिनिटांत, कोणाचेही नाव न घेता, त्यांतल्या दोन किंवा तीन फळ्यावर आणाव्यात. दहा चुका आणल्या, तर त्यांतली एकही सुधारत नाही.

डाव रंगात आला की मुले मराठीवर आणि हिंदीवर घसरतात, ही शिक्षकांची नित्याची तक्रार आहे. त्यासाठी दंड लावणे, गळ्यात पाटी अडकवणे असले प्रकार काही ठिकाणी चालत आले आहेत. ते हीन आहेत आणि निष्फळही. मराठी शाळेने आपल्याच भाषेला शिक्षेचे निमित्त करावे, याहून विपरीत काय असेल? भांडण मराठीत होऊ द्यावे, गुण मात्र इंग्रजी वाक्यालाच मिळावा, एवढा नियम पुरतो. बुजऱ्या मुलांच्या बाबतीत खेळाचा आणखी एक लाभ आहे. उभे राहून उत्तर चुकले, तर हसे त्या मुलाचे होते. खेळात तो दुकानदार असतो, स्टेशनमास्तर असतो; हसू येते ते स्टेशनमास्तरचे. जी मुलगी वर्षभर मान वर करत नाही, तीच भाजीवाली झाल्यावर भाव कमी करायला तयार होत नाही, हे दृश्य शिक्षकांच्या परिचयाचे आहे.

महाराष्ट्राने 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणले, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला होता. तोवर ते पाचवीपासून होते. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले. तो वाद प्रामुख्याने 'केव्हा' याविषयीचा होता. 'कसे' हा प्रश्न मागाहून आला. 2016 मध्ये महाराष्ट्र शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांनी सुरू केलेल्या 'तेजस' उपक्रमात प्राथमिक शाळांच्या शिक्षकांचे गट नियमितपणे जमत आणि वर्गात करून पाहिलेल्या कृती परस्परांना सांगत. शिक्षकाला स्वतः इंग्रजी बोलण्याचा धीर आल्यावाचून मुलांना तो येत नाही, ही गोष्ट अशा गटांमुळे मान्य झाली. रायपूरच्या मराठी शाळा संख्येने थोड्या आहेत. पण चार-सहा शिक्षकांनी महिन्यातून एकदा जमण्यास संख्येची अडचण येत नाही.

या शहराचीही एक जुनी आठवण आहे. 1877 साली चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ दत्त वडिलांबरोबर रायपुरात राहावयास आला. त्या वेळी येथे त्याच्यासाठी योग्य शाळा नव्हती. चरित्रकार सांगतात, की विश्वनाथबाबू त्याला स्वतःबरोबर आणि घरी येणाऱ्या विद्वानांबरोबर वाद घालू देत. येथेच तो बुद्धिबळही शिकला. पुढे विवेकानंद म्हणून शिकागोत उभ्या राहिलेल्या वक्त्याची दोन वर्षे अशी बोलण्यात आणि खेळण्यात गेली.

पालकांना यात काय करता येईल? इंग्रजी येत नसलेल्या आईलाही एक गोष्ट निश्चित करता येते : मुलाने शाळेतला डाव घरी मांडला, तर त्यात भिडू व्हावे आणि हरावे. "आज किती शब्द पाठ केलेस?" याऐवजी "आज राज्य कोणावर होते?" असे विचारावे. पाहुण्यांसमोर "काकांना इंग्रजीत बोलून दाखव" अशी फर्माईश मात्र करू नये; महिन्याभराचे कमावलेले त्या एका संध्याकाळी जाते. माजी विद्यार्थ्यांकडे मागणे आहे ते साहित्याचे. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी, जुनी वेळापत्रके, शहराचे नकाशे, हॉटेलांची दरपत्रके, औषधांची रिकामी खोकी. प्रत्येक वर्गासाठी अशी एक पेटी हवी आहे. पेट्या कार्यालयाबाहेरच्या व्हरांड्यात ठेवलेल्या आहेत, आणि पाचवीची पेटी अद्याप रिकामी आहे.