टाकून दिलेल्या लोकरीचा हिशेब

(शीळफाटा येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत लोकरीचा विषय कशाला, असे कोणी विचारील. पीक निघाले की आपल्या रानात मेंढरे बसतात. त्या खताचे मोल आपण धान्याने किंवा पैशाने चुकते करतो. त्यातले कितीतरी कळप पावसाळा सरल्यावर घाट उतरून इकडे कोकणातही येतात. धनगर हा कोरडवाहू शेतीतला आपला भागीदार आहे. त्याची लोकर उकिरड्यावर जात असेल, तर तो तोटा आपल्याच घरचा आहे.

दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ आणि बहुतेक काळी. घोंगडीला ती उत्तम, पण घोंगडीला गिऱ्हाईक राहिले नाही. गिरण्यांना मऊ मेरिनो लागते, ती ऑस्ट्रेलियातून येते. अनेक ठिकाणी लोकरीच्या पैशातून कातरणीची मजुरीसुद्धा सुटत नाही. कातरणी मात्र टाळता येत नाही, मेंढरू उन्हाने हैराण होते. मग लोकर ओढ्यात टाकायची, नाहीतर जाळायची.

जाळताना वास कसला येतो? कापसाचे सूत जाळले तर कागद जळल्यासारखा वास येतो. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, कारण लोकर, केस, नख, शिंग, पीस यांचा माल एकच. त्याला केराटिन म्हणतात. ते प्रथिन आहे. स्वच्छ लोकरीत शंभरात सुमारे पंच्याण्णव भाग केराटिन असते आणि सुमारे सोळा भाग नत्र.

आता हिशेब मांडू. शंभर मेंढरांची धुतलेली लोकर 40 किलो धरा. त्यात नत्र 6.4 किलो. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे ही लोकर सुमारे 14 किलो युरियाच्या बरोबरीची. 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, त्या दराने झाले 83 रुपये! शंभर मेंढरांमागे 83 रुपये. नुसते नत्र म्हणून मोजले तर लोकर मातीमोलच ठरते. पैसा आहे तो अख्ख्या प्रथिनात. केसांच्या शांपूत, जखमेवरच्या पट्टीत, पाण्यातले जड धातू ओढून घेणाऱ्या गाळणीत केराटिनचा उपयोग होतो. त्याचे तुकडे केले की पिकावर फवारायचे अमिनो आम्ल तयार होते. तीच बाटली आपण दुकानातून कोणत्या भावाने आणतो, ते आपल्याला ठाऊक आहे.

मग हे प्रथिन बाहेर का निघत नाही? केराटिनच्या साखळ्या गंधकाच्या टाक्यांनी एकमेकींना शिवलेल्या असतात. म्हणून लोकर पाण्यात विरघळत नाही. टाके उसवायला कॉस्टिक सोडा किंवा सोडियम सल्फाइड वापरता येते. पण त्याचे सांडपाणी जाणार कुठे? शेजारच्या डोंबिवलीत जानेवारी 2014 मध्ये हिरवट पाऊस पडला होता. कारखान्यांच्या शेजारी राहणे म्हणजे काय, ते इथल्या लोकांना सांगायला नको.

यावर शास्त्रज्ञांनी दुसरी वाट काढली. कोंबडीखाद्यात घालतात ते कोलीन क्लोराइड आणि आपला युरिया, या दोन पांढऱ्या पावडरी वजनाने सातास सहा मिसळून तापवल्या की पातळ होतात आणि थंड झाल्यावरही पातळच राहतात. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठातून हे 2003 साली जाहीर झाले. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2016 साली याच मिश्रणात सुमारे 170 अंशांवर लोकर विरघळवून दाखवली. मग मिश्रण पाण्याने धुऊन काढायचे, प्रथिन मागे राहते. इटलीतल्या बिएला या लोकरीच्या गावी 2013 साली सुरू झालेल्या प्रकल्पात तर द्रावक म्हणून नुसते पाणीच घेतले. बंद भांड्यात, दाबाखाली, खूप तापवलेले. त्यातून खत तयार होते.

हा चुलीवर करायचा उद्योग नव्हे. इतक्या उष्णतेला युरियातून अमोनिया सुटतो आणि दाबाचे भांडे फुटले तर जीव जाईल. शिवाय द्रावक 'हरित' केव्हा? तो गोळा करून पुन्हा वापरला तेव्हा. धुवणाचा युरिया नाल्यात सोडला तर तेही प्रदूषणच. म्हणून हे काम यंत्राचे आणि जाणकाराचे. इथून जवळच, ठाण्याच्या कोलशेत रस्त्यावर, वूल रिसर्च असोसिएशन आहे. लोकरीवर संशोधन हेच तिचे काम. दख्खनी लोकरीच्या एका किलोतून प्रथिन किती निघते, इंधन किती जळते आणि द्रावक किती वेळा वापरता येतो, या तीन आकड्यांची मागणी आपण तिच्याकडे केली पाहिजे.

आणखी एक अडचण कायद्याची आहे. 2021 साली खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजके आली. 2025 साली पिसे, कातडी अशा प्राणिज मालापासून केलेल्या काही उत्पादनांची मंजुरी सरकारने मागे घेतली. आमचे म्हणणे एवढेच, की जिवंत मेंढीची कातरलेली लोकर आणि कत्तलखान्याचा माल एका तराजूत तोलू नका.

कापसाच्या वजनात दोन तृतीयांश सरकी असते. तेल आणि पेंड करणाऱ्याने तिच्यावर कारखाने उभारले. आपण मात्र कापसाच्या भावाची पट्टी घेऊन घरी आलो. लोकरीचे असे होऊ द्यायचे नसेल तर सुरुवात कातरणीपासून करायची. लोकर जाळू नका. काळी-पांढरी वेगळी ठेवा, कुसळे व लेंड्या झटका, कोरड्या पोत्यात भरून वजन लिहा. गावोगावचे वजन एकत्र आले तरच कारखानदाराशी भाव बोलता येईल. अगदीच खराब, मातीत मळलेली लोकर असेल ती झाडाच्या आळ्यात पुरा. ती सावकाश कुजते, ओल धरते, नत्र देते.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने लोकरीच्या वजनाचा कागद आणावा. मग भावाचे बोलू.