मैत्रिणीपाशी बोला, आईला विचारा

मुलींनो,

माझ्यानंतरच्या नाटकाची मंडळी मेकअप करून खोळंबली आहेत, म्हणून एकाच विषयावर बोलते. मी स्त्रीरोगतज्ज्ञ, तेव्हा पाळीबद्दल, बायका लपवतात त्या दुखण्यांबद्दल बोलणार, आणि तेही माइकवरून.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांतल्या ६५० बायकांचा अभ्यास केला. १९८९ साली तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम आठ. दुखणं अंगावर काढायचं, ‘बाईच्या जातीला हे असायचंच’ म्हणायचं, ही रीत अजून गेलेली नाही.

माझ्याकडे एक बाई कंबरदुखीसाठी येत. गोळ्या घेत आणि जात. एकदा सून औषधं आणायला गेली, तेव्हा हळूच म्हणाल्या, ‘‘मॅडम, अंग बाहेर येतंय.’’ म्हणजे गर्भाशय खाली उतरलं होतं. धाकट्याच्या बाळंतपणात सव्वा महिना व्हायच्या आत डोक्यावर हंडे घेतले होते. तो धाकटा आता नोकरीला लागला होता! खोकलं, शिंकलं की लघवी सुटायची, म्हणून लग्नाकार्याला जाणंच सोडलेलं. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. ऑपरेशन झालं, बऱ्या झाल्या. मग बचत गटाच्या बैठकीत त्यांनी आपणहून सगळं सांगितलं, आणि गटातल्या बायका एकेक करून तपासायला आल्या. त्याच गावात माझं व्याख्यान झालं होतं, तेव्हा कुणी आलं नव्हतं. आपल्यातली बोलली, तेव्हा आल्या.

म्हणून तुम्ही बोला. दर तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागत असेल, रक्तस्राव सात दिवसांपुढे जात असेल, दुखण्यापायी कॉलेज बुडत असेल, तर ते सोसायचं नाही, दाखवायचं. हे मैत्रिणीला सांगितलंत तर तीही दाखवेल. मात्र मैत्रिणीची गोष्ट तिला विचारल्याशिवाय तिसरीला सांगायची नाही. ती तिची आहे.

घरी गेलात की आईजवळ, आजीजवळ बसा. पहिली पाळी आली तेव्हा तुला कुणी काय सांगितलं, बाळंतपणात काय सोसलंस, आता काही त्रास होतो का, हे विचारा. होतो म्हणाली, तर तिला घेऊन दवाखान्यात या.