गावी न्या, पण तयारीनं
(आरोग्य स्वयंसेवकांच्या मेळाव्यातील भाषण)



कॅन्सर शेवटच्या टप्प्यावर आहे असं कळलं की मेळघाटातला रुग्ण पुष्कळदा म्हणतो, "मला गावी न्या." गावी नेणं म्हणजे उपचार सोडणं नव्हे. पण तयारी नसेल, तर रात्री दुखणं वाढतं, घरचे घाबरून जीप करतात आणि अमरावती-अकोला गाठण्याआधी माणूस घाटातच जातो.

म्हणून दवाखान्यातून सुट्टी घेण्याआधी चार गोष्टी ठरवा.

एक, रुग्णालाच त्याच्या कोरकू बोलीत विचारा : कुठे राहायचं, जवळ कोण हवं? त्याला चालत असेल तर भुमकालाही सोबत बसवा.

दोन, दुखण्याचं औषध. मॉर्फिनच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच द्या, कळ उठायची वाट पाहू नका. सोबत पोट साफ होण्याचं औषध मागून घ्या.

तीन, अडल्यावर कुणाला फोन करायचा, तो नंबर भिंतीवर लिहा.

चार, व्हेंटिलेटर नको असेल तर तसं आधी लिहून ठेवता येतं. सुप्रीम कोर्टानं २०१८ साली हा हक्क मान्य केला. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते.

बरं करणं आपल्या हाती नसेल. कळ कमी करणं आहे.