समुद्र हीच ज्यांची समाधी

गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस साडेनऊशेहून अधिक किलोमीटर धावून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. तिथून जवळच, मशीद बंदर भागात, खलाशांसाठी बांधलेले इंडियन सेलर्स होम आहे. धानाच्या बांध्यांत वाढलेल्या आपल्या लोकांचे पाय तिकडे सहसा वळत नाहीत. पण तिथल्या एका पुस्तकाविषयी आज मला बोलायचे आहे.

दुसऱ्या महायुद्धात अविभक्त हिंदुस्थानातून समुद्रावर गेलेल्या आणि न परतलेल्या माणसांची नावे त्यात आहेत. नौदलातले सुमारे ४०० आणि व्यापारी जहाजांवरचे जवळपास ६,०००. तशीच एक प्रत बांगलादेशात चितगावला आहे. यांपैकी कुणाचीही समाधी जमिनीवर नाही.

या युद्धात मालवाहू आणि प्रवासी जहाजांवरही तोफा बसवल्या होत्या. तोफ बहुधा जहाजाच्या मागच्या टोकाला असे, पाठलाग करणाऱ्याला रोखण्यासाठी. ती चालवायला नौदलाचे किंवा तोफखान्याचे मोजके गनर दिले जात. त्यांतली कितीतरी मुले विशीच्या आसपासची. राहायची खलाशांत, पण खलाशी नव्हेत. गणवेश सैनिकाचा, पण सोबत पलटण नाही. आज या जहाजावर, उद्या त्या. असा मुलगा बुडाला, तर त्याची आठवण सांगणारे सोबतीही फारसे उरत नसत.

‘तिलावा’ हे जहाज २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेकडे निघाले. त्यावर ७३२ प्रवासी, २२२ कर्मचारी आणि ४ गनर होते. २३ तारखेला मध्यरात्रीनंतर ‘आय-२९’ या जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो त्यावर आदळला. होड्या सोडल्या गेल्या. जहाज तरंगत राहिले, म्हणून काही जण परत वर चढू लागले. तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो आला. २८० माणसे गेली. दोन दिवसांनी ‘बर्मिंगहॅम’ ही ब्रिटिश युद्धनौका पोहोचली. एकूण ६७८ जण वाचले.

त्या यादीतला ४ हा आकडा माझ्या मनातून जात नाही. साडेनऊशे जीवांच्या रक्षणाला चौघे जण! तोफ दिसणाऱ्या शत्रूवर चालते. काळोखात, पाण्याखाली दडलेल्या पाणबुडीपुढे गनरने काय करावे? तरीही असे हजारो तरुण पाळीपाळीने तोफेपाशी उभे राहिले.

हरवलेल्याच्या घरी देह येत नाही, येतो तो ‘बेपत्ता’ हा शब्द. आई वाट पाहणे सोडू शकत नाही. देह सापडला नाही तर आपल्याकडे पालाशविधी करतात. पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. आपल्या जिल्ह्यात पळसाला तोटा नाही. पण माणूस गेला हे मनाने मानल्याशिवाय तो पुतळा तरी कसा करावा?

गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टीही त्याच युद्धकाळातली. धावपट्टी डोळ्यांसमोर राहते. समुद्रावर मात्र खूण उरत नाही. म्हणून नाव जपावे लागते. ‘तिलावा’वरच्या माणसांच्या वारसांनी २०२२ मध्ये, ८० वर्षांनी, मुंबईत एकत्र येऊन त्यांचे स्मरण केले.

तुमच्या घरातल्या जुन्या ट्रंकेत एखादे पदक, पत्र, फोटो असेल, तर रद्दीत घालू नका. मागे नाव लिहून ठेवा आणि ते नातवंडांना मोठ्याने वाचून दाखवा.